होय म्हणायला लागलेली एकतीस वर्षं

शोनफेल्डच्या प्रार्थनाघरात बायकांच्या बाजूचा शेवटचा बाक दाराला लागून होता. हिवाळ्यात दार उघडलं की गारठ्याचा पहिला तडाखा त्यालाच बसायचा, म्हणून तिथं कुणी बसत नसे. युस्तिना क्रोकर मात्र एकतीस वर्षं तिथंच बसली. भजनं तिला इतरांइतकीच पाठ होती, आवाजही बरा होता. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर फिरायची, तेव्हा ताट तिच्या अलीकडच्या बाकापर्यंत येऊन मागे वळायचं. ताट फिरवणाऱ्या अगाथा एपच्या पायांना तो वळसा इतका अंगवळणी पडला होता, की युस्तिना आजारी असली तरी अगाथा तिथूनच वळायची.

कारण एवढंच, की युस्तिनाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. मेनोनाइट लोकांत तान्ह्या पोराच्या कपाळाला पाणी लावत नाहीत. माणूस जाणतं व्हावं, त्यानं आपल्या तोंडानं मागावं, चारचौघांत कारण सांगावं, मगच त्याला पाण्यात उतरवायचं. या एका हट्टापायी त्यांच्या वाडवडिलांनी देशोदेशी मार खाल्ला आणि अखेर किर्गिझ मुलखातल्या तालासच्या खोऱ्यात, बर्फाच्या डोंगरांखाली येऊन गहू पेरला. आता अशा माणसांच्या गावात जन्मून, मंडळीतल्याच माणसाशी संसार करून, एखादी बाई सहासष्टाव्या वर्षापर्यंत कोरडीच राहते म्हटल्यावर तर्क चालणारच. कुणी म्हणे, नवऱ्याशी अढी असेल. कुणी म्हणे, एके काळी सरकारी गोठ्यात वासरं सांभाळायची ना, साहेबलोकांना भ्यायली असेल. अगाथा एप सरळ म्हणायची, "तिच्या मानेत सळई आहे. वाकायचं म्हटलं की टोचते."

युस्तिना यातलं काही खोडत नसे. नवरा डेव्हिड होता तोवर घरी येऊन त्याच्यासाठी बोर्श सूप गरम करायची. तो गेल्यावर स्वतःपुरतं करू लागली.

ब्याण्णव सालच्या सप्टेंबरात तिचा मुलगा आर्टुर कागदांची चळत घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आला. सोव्हिएत देश मोडून वर्षही झालं नव्हतं आणि शोनफेल्ड भराभर रिकामं होत होतं. जर्मन वंशाच्या या लोकांना जर्मनीचं दार उघडलं होतं. दर आठवड्याला एखादं कुटुंब निघायचं. ज्या घरात जावं तिथं बायका प्रवासासाठी पाव भाजत असत, एकावर एक बसवलेले छोटे पाव, कडक होईस्तोवर. विमान सहा तासांत पोचवणार, पण पाव मात्र महिनाभर पुरतील इतके. आजी-पणजींनी बैलगाड्यांसाठी भाजले होते, मग नातींनी का भाजू नयेत?

"आई, इथं, इथं आणि मागच्या पानावर," आर्टुर म्हणाला.

"वाचू तर देशील?"

"वाचायचंय काय त्यात? सगळं मीच भरलंय. तुझं नाव, जन्मसाल, बाबांचं नाव. सही तेवढी कर, दुपारची गाडी गाठायचीय मला."

युस्तिनानं चष्मा लावला. ती सावकाश वाचणारी बाई. आर्टुर खिडकीशी उभा राहून बोटांनी काच वाजवत होता. तिसऱ्या पानावर, सहीच्या जागेच्या थोडं वर छापलेलं होतं, 'मी हा देश स्वेच्छेने, कोणाच्याही दडपणाविना सोडत आहे.'

तिनं पेन खाली ठेवलं.

"काय झालं?"

"आर्टुर, मी जाते असं तुला कधी म्हणाले?"

"म्हणजे? सगळेच जातायत! लिली, मुली, मी. तू इथं एकटी काय करणार, गाईशी गप्पा मारणार?"

"ते नाही विचारलं मी. मी म्हणाले का?"

आर्टुर चाळीस वर्षांचा, ट्रक दुरुस्त करणारा माणूस. जे मोडलेलं दिसत नाही ते त्याला कळत नसे. तो चिडून निघून गेला. कागद टेबलावरच राहिले, आणि युस्तिना कितीतरी वेळ 'स्वेच्छेने' या एका शब्दाकडे बघत बसली.

तो शब्द तिनं पहिल्यांदा रशियनमध्ये वाचला होता, चव्वेचाळीस सालच्या फेब्रुवारीत, उत्तरेकडच्या जंगलात. लढाईच्या दिवसांत जर्मन आडनावाच्या माणसांना सक्तीच्या श्रमसेनेत नेत होते. शोनफेल्डमधून एकवीस बायामुली नेल्या, त्यात सतरा वर्षांची युस्तिना आणि एकोणीस वर्षांची सुसे टीसेन. दोघी एकाच फळीवर निजायच्या, एकाच करवतीची दोन टोकं ओढायच्या. महिन्यात एक सुट्टी मिळायची, त्या दिवशी उवा मारायच्या आणि घोंगडी वाळवायची. एके दिवशी छावणीचा अधिकारी कागद घेऊन बराकीत आला. त्यावर लिहिलं होतं, की आघाडीवरच्या जवानांसाठी आम्ही खाली सह्या करणाऱ्या आमची सुट्टी स्वेच्छेने सोडत आहोत.

पेन्सिल हातोहात फिरत सुसेकडे आली. सुसे म्हणाली, "काम सांगा, करते. सुट्टी घ्यायची तर घ्या. पण मी देते असं लिहू नका. मी देत नाहीये, तुम्ही घेताय."

आवाज चढवून नाही, अगदी हिशेबातली चूक दाखवावी तसं म्हणाली. अधिकाऱ्यानं विचारलं, "हिच्यासारखं आणखी कुणाला वाटतं?" आणि त्यानं सुसेच्या शेजारी उभ्या असलेल्या युस्तिनाकडे पाहिलं. सुसेनंही पाहिलं. युस्तिनाला अगदी तसंच वाटत होतं. तिनं पेन्सिल घेतली आणि सही केली.

सुसेला दुसऱ्या दिवसापासून नदीवर घातलं, बर्फाच्या पाण्यातून ओंडके ओढणाऱ्या टोळीत. तीन आठवड्यांत तिच्या छातीत पाणी झालं. मार्चमध्ये ती गेली.

सत्तेचाळीस साली युस्तिना गावी परतली, तेव्हा फाटकाशी सुसेची धाकटी बहीण उभी होती. तीच ही अगाथा, पुढं लग्नानंतर एप झालेली. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिनं विचारलं, "सुसे कशी गेली?" युस्तिना म्हणाली, "तापानं." ताप होताच, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

त्यानंतर तो शब्द जणू तिच्या मागेच लागला. दर महिन्याला ठाण्यावर जाऊन हजेरी लावायची, ती सक्तीची. पण बाकी सगळं स्वेच्छेने. रविवारची बिनपगारी कामं स्वेच्छेने, गोठ्यातली बदली स्वेच्छेने. लग्नसुद्धा मावशीनं आणि गोठ्याच्या मुकादमानं मिळून जमवलं आणि नोंदणीच्या बाईनं ठरलेल्या वाक्यात विचारलं, स्वेच्छेने ना? डेव्हिड भला माणूस निघाला, हे तिचं नशीब.

एकसष्ट साली डेव्हिडनं बाप्तिस्मा घेतला. तेव्हा प्रार्थनाघर म्हणजे पडदे ओढलेलं एक साधं घरच होतं. आठवड्याभरानं तो मंडळीच्या वडीलधाऱ्यांना, गेरहार्ड बोल्ट यांना, घरी घेऊन आला. गेरहार्ड तेव्हा भर उमेदीत होते, आवेशात होते. म्हणाले, "युस्तिना, नवरा पाण्यातून गेला आणि बायको काठावर उभी, हे शोभतं का? रविवारी ये. एकच प्रश्न विचारीन. तू स्वेच्छेने आली आहेस का?" त्यांचा शब्द जर्मन होता, पण शब्द तोच. आणि डेव्हिड तिच्याकडे बघत होता, गेरहार्ड बघत होते, तिनं काय म्हणायचं ते दोघांनाही ठाऊक होतं.

युस्तिनाला देव नको होता असं नाही. गाई विताना अडल्या की ती गोठ्यात एकटीच त्याच्याशी बोलायची. पण या लोकांत होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही. शपथ घेत नाहीत, कारण साधा शब्दच शपथेइतका धरतात. अशा माणसांपुढे पुन्हा एकदा तसलं होय टाकायचं? तिनं मान हलवली आणि चुलीकडे वळली. ते एकतीस वर्षं टिकलं.

कागद टेबलावर पडून दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी तिनं धुतलेला रुमाल डोक्याला बांधला आणि ती गेरहार्डकडे गेली.

गेरहार्ड आता पंचाहत्तरीचे झाले होते, छातीनं अधू. नोव्हेंबरच्या विमानात त्यांच्याही नावाच्या जागा होत्या. घरभर खोकी, आणि त्यांची बायको भट्टीपाशी.

"गेरहार्डकाका, मला बाप्तिस्मा हवाय," युस्तिना दारातच म्हणाली.

गेरहार्डनी हातातली दोरी खाली ठेवली. "आत्ता?"

"आत्ता."

"अगं, बाप्तिस्मा आपण पेन्टेकॉस्टला देतो, उन्हाळा लागताना. हा ऑक्टोबर आला. कालव्यात हात घालून बघितलास का? महिन्याभरात आम्ही सगळे निघालो. तू तिकडेच घे ना. तिथं म्हणे प्रार्थनाघरात टाइल्सची टाकी असते, पाणी गरम."

"मी तिकडे येत नाहीये."

भट्टीपाशी पाव उलथायचा थांबला.

"बस," गेरहार्ड म्हणाले. ती बसली नाही. म्हणाली, "काका, एकसष्टला तुम्हाला माझं होय हवं होतं. डेव्हिडला हवं होतं. आत्ता ते कुणालाच नकोय. तुमची बांधाबांध चाललीय, मुलाला ती कटकट वाटते, मंडळी उठून निघालीय. कुणाचं काही अडलेलं नाही. जन्मात पहिल्यांदा असं झालंय. म्हणून आत्ता मला कळतंय, की हे मलाच हवंय."

गेरहार्डनी खुर्चीवरचं खोकं खाली ठेवलं आणि स्वतःच बसले. मग खोकले. म्हणाले, "त्या दिवशी मी डेव्हिडबरोबर आलो होतो. एकट्यानं यायला हवं होतं. आणि विचारून गप्प राहायला हवं होतं. माझं चुकलं, युस्तिना."

"चुकलंच."

"मंडळीपुढं बोलावं लागेल. सगळ्यांचं होय लागतं. आणि कुणाशी काही मिटवायचं राहिलं असेल..."

"राहिलंय," युस्तिना म्हणाली.

बातमी गावभर व्हायला संध्याकाळ लागली नाही. कुंपणापलीकडे जुमाकान राहायची, किर्गिझ मुसलमान, युस्तिनाहून पाच वर्षांनी धाकटी. ती युस्तिनाला एजे म्हणायची, म्हणजे ताई. चाळीस वर्षांत दोघींनी एकमेकींची पोरं, गाई आणि नवऱ्यांच्या तक्रारी सांभाळल्या होत्या.

"एजे," जुमाकान कुंपणावर कोपरं टेकून म्हणाली, "ऐकलं ते खरं? तुझे सगळे देव जर्मनीला निघाले आणि तू आत्ता त्यांच्यात शिरतेस?"

"देव कुठं जात नाही. माणसं जातायत."

"बाई गं! आणि आर्टुर?"

"तो जातोय. रागावलाय."

"रागावेल नाही तर काय, टाळ्या वाजवेल? माझा असा राहिला असता तर मी त्याला बांधून नेला असता." मग ती जरा थांबून म्हणाली, "तू राहतेस ते बरंच आहे म्हणा. नाहीतर त्या घरात कोण येतंय देव जाणे. आणि हे बघ, पापं इतकी होती तर उन्हाळ्यात धुवायची होतीस!"

आर्टुर रागावला होता त्याहून जास्त दुखावला होता. "तुला देवही हवाय आणि मी जाताना रडायलाही हवंय," तो म्हणाला. "बाबा असताना ताठ बसलीस. आता मला अडकवायला हे काढलंस."

"तुला अडकवत नाही. तू जा. तुला जायचंय हे मला दिसतंय, आणि ते चूक नाही."

"मग तू का नाही?"

"कारण त्या कागदावर लिहिलंय ते माझ्याबाबतीत खरं नाही. इथं माझी गाय आहे, डेव्हिडची कबर आहे, जुमाकान आहे. मला इथंच राहायचंय, आर्टुर. हे तुला मी आधीच सांगायला हवं होतं. पण तू विचारलं नाहीस, आणि मला कुणी न विचारता बोलायची सवय नाही."

आर्टुरनं कागद गोळा केले आणि तिचा तेवढा वेगळा काढून खिडकीत ठेवला. फाडला नाही.

पुढच्या रविवारी सभा संपल्यावर उरलेली तेवीस माणसं बसून राहिली. युस्तिना पहिल्यांदाच शेवटच्या बाकावरून उठून पुढं गेली. हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. मग तिनं सगळं सांगितलं, कागद, पेन्सिल, सुसेचे शब्द, अधिकाऱ्याची नजर, आपली सही. नदीवरची टोळी. फाटकाशी दिलेलं उत्तर. म्हणाली, "सुसेला कुणी बाप्तिस्मा दिला नाही, तेव्हा देणारं कुणी उरलंच नव्हतं. पण होय आणि नाही काय असतं ते मी तिच्याकडे पाहिलं. तुमच्यात यायचं ते त्यासाठी. इथं विचारतात, आणि नाही म्हटलं तर घरी जाऊ देतात. मी एकतीस वर्षं नाही म्हणत होते आणि तुम्ही मला बाकावर बसू दिलंत."

अगाथा एप दुसऱ्या रांगेत होती. तिनं भजनांचं पुस्तक मिटलं, पिशवीत घातलं, पिशवीचा बंद नीट बांधला आणि कुणाकडे न बघता दाराबाहेर गेली.

गेरहार्ड म्हणाले, "अगाथाच्या होयशिवाय होणार नाही."

"ते मलाही नको," युस्तिना म्हणाली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. गुरुवारी संध्याकाळी युस्तिना धार काढत असताना अगाथा गोठ्यात आली. पालथी बादली ओढून बसली. गाईच्या पलीकडून तिचा नुसता रुमाल दिसत होता.

"तिचे शब्द सांग," ती म्हणाली. "जसेच्या तसे."

युस्तिनानं सांगितले. अगाथानं ते पुन्हा सांगायला लावले. मग तिच्या घशातून एक विचित्र आवाज आला, हसू की काय ते कळेना.

"अस्संच म्हणायची. आई तिच्या वाटचा पाव मला द्यायची ना, तेव्हा म्हणायची, 'अगाथाला दे, पण मी दिला म्हणू नकोस.' आई चिडायची. म्हणायची, ही पोरगी एक दिवस तोंडानं मरेल." ती थांबली. "भ्यायली होती का?"

"सही करताना मी भ्यायले होते. ती नाही. नदीवर नेलं त्या सकाळी भ्यायली. माझा हात धरला होता."

"तू धरू दिलास?"

"हो."

दूध बादलीत पडत राहिलं. अगाथा म्हणाली, "सहीचं सोड. बराकीतल्या बाकी सगळ्यांनीच केली. तू सतरा वर्षांची होतीस, मीही केली असती. पण पंचेचाळीस वर्षं, युस्तिना! मी तिला तापानं गेलेली समजत राहिले. आई तसंच समजून गेली. आपली पोरगी अशी ताठ उभी राहिली होती, हे तिला मरताना कळलं असतं तर. ते तू ठेवून घेतलंस. हे मला जड जाईल."

"जाऊ दे जड," युस्तिना म्हणाली. "मी हलकं कर म्हणत नाही."

अगाथा उठली. गोठ्याच्या दारात वळून म्हणाली, "आणि मी लोकांना सांगत फिरले, मानेत सळई म्हणून. सळई सुसेच्या होती."

रविवारी गेरहार्डनी हात वर करायला सांगितले. बावीस हात वर गेले. अगाथा मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती. गेरहार्ड थांबले, घाई केली नाही. मग तिनं हात वर केला, आणि बाकीच्यांनी खाली घेतले तरी तिचा वरच राहिला.

बाप्तिस्मा ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ठरला. कालव्याला कडेनं बर्फाची पातळ साय धरली होती. पाणी कमरेइतकं व्हावं म्हणून पुरुषांनी खाली फळ्या लावून ते अडवलं. गेरहार्डच्या बायकोनं साफ सांगितलं होतं, की ते पाण्यात उतरले तर ती विमानात एकटीच बसेल. शेवटी जुमाकाननं आपल्या दिराचे मासेमारीचे रबरी बूट आणले, छातीपर्यंत येणारे. मंडळीचे वडीलधारे मासेमाराच्या वेषात पाण्यात उतरले, तेव्हा काही जणांनी तोंडावर रुमाल धरले. आर्टुर काठावर मागे, खिशात हात घालून उभा होता. येणार नाही म्हणाला होता, पण आला.

आदल्या दिवशी गेरहार्डनी तिला विचारलं होतं, "तो शब्द नको असेल तर दुसरा वापरू?"

ती म्हणाली होती, "नको. तोच."

पांढऱ्या सुती झग्यात ती पाण्यात शिरली. पायांना आधी चटका बसला आणि मग पाय आहेत हेच कळेना. गेरहार्डनी एक हात तिच्या पाठीशी धरला आणि विचारलं, "युस्तिना क्रोकर, तू स्वेच्छेने आली आहेस का?"

आणि ते गप्प राहिले. एकसष्टला राहायला हवं होतं तसे. त्यांचे दात वाजत होते. युस्तिनानं पाण्याकडे पाहिलं. ते काही तिला धरून ठेवत नव्हतं. काठ तीन पावलांवर होता, शिडी होती, ती वळून चढून गेली असती तर कुणी अडवलं नसतं. तिनं ते खरोखरच एकदा मनात करून पाहिलं, वर चढणं, रुमाल, घर. जमण्यासारखं होतं.

"अगं बोल की बाई!" काठावरून जुमाकान ओरडली. "म्हातारा गोठून मरेल!"

"होय," युस्तिना म्हणाली.

पाणी तिच्या डोक्यावरून गेलं. वर आली तेव्हा श्वास घेता येत नव्हता आणि कानांत घंटा वाजत होत्या. शिडीच्या टोकाला अगाथा घोंगडी पसरून उभी होती. तिनं युस्तिनाला गुंडाळलं, ओल्या केसांच्या पिना एकेक करून काढल्या आणि केस खसाखसा पुसायला लागली, इतक्या जोरात की युस्तिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. जुमाकाननं किटलीतला चहा आणला होता, लोणी घालून. आर्टुर जवळ आला, आईच्या हातात कप नीट बसतोय का ते पाहिलं आणि तिच्या पायात लोकरीचे बूट चढवायला खाली वाकला.

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाचं ताट शेवटच्या बाकापर्यंत आलं. जागा बदल, असं कुणी सुचवलंही नाही. अगाथा ताट धरून उभी राहिली आणि युस्तिनानं भाकरीचा तुकडा तोडला.

नोव्हेंबरात विमान गेलं. गेरहार्ड, अगाथा, आर्टुर, लिली आणि मुली, सगळी त्यातच. शोनफेल्डच्या मंडळीत सात माणसं उरली, त्यातली चार म्हातारी. पुढच्या वसंतात तालासमधले रशियन बाप्टिस्ट त्यांच्यात येऊन मिसळले आणि भजनं रशियनमध्ये व्हायला लागली. युस्तिनाला पहिली दोन वर्षं सूर सापडेना. मग सापडला. सत्त्याण्णव साली आर्टुरनं तिला तीन आठवडे जर्मनीला नेलं. टाइल्सची टाकी तिनं पाहिली, पाण्यात बोट घातलं, छान आहे म्हणाली. अगाथाच्या घरी चार दिवस राहिली. त्या दोघी रोज सकाळी सुसेबद्दल बोलायच्या, करवत कशी धरायची, काय गुणगुणायची, झोपेत लाथा कशा मारायची. एकदा अगाथानं मध्येच रागानं बशी आपटली आणि उठून गेली. दुपारी परत येऊन म्हणाली, "पुढं सांग."

दोन हजार एक साली जुमाकानची नात नाझिरा सभेला यायला लागली. एकोणीस वर्षांची, हुशार. वर्षभरात म्हणाली, मला बाप्तिस्मा हवाय. मंडळीला कोण आनंद झाला! नवीन, तरुण, आणि तीही किर्गिझ. तारीखही ठरत आली. जुमाकान कुंपणाशी आली, पण कोपरं टेकली नाहीत.

"एजे, माझी नात नेतेस?"

"मी नेत नाही. आणि तूही तिला धरून ठेवू नकोस."

त्या रविवारी युस्तिना सभेत उठून उभी राहिली. एरवी ती बोलत नसे. म्हणाली, "तुम्ही सगळे हिच्याकडे कसे बघताय ते मला दिसतंय. तुम्हाला हिचं होय फार हवंय. असं हवं असताना घेऊ नका. तिला थांबू द्या, नाही म्हणायला जागा राहू द्या." मंडळीचा नवा रशियन पाळक नाराज झाला. नाझिरा रडली. पण तारीख पुढं गेली. शरदात नाझिरा शिकायला बिश्केकला गेली आणि तिथं तिनं काय ठरवलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सुट्टीत आली की आधी आजीकडे, मग युस्तिनाकडे चहाला यायची. युस्तिनानं तिला कधी विचारलं नाही. पाळकानं एकदा टोचून म्हटलं, "तुमच्यामुळे एक जीव गेला." युस्तिना म्हणाली, "जीव गेला नाही. बिश्केकला गेली."

युस्तिना दोन हजार आठ सालच्या मार्चमध्ये गेली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, दोन दिवसांच्या आजारात. मंडळीत तेव्हा बळकट हात फारसे नव्हते, म्हणून डेव्हिडशेजारची कबर जुमाकानच्या मुलांनी खणली. मार्चमध्ये तिथली जमीन वरून मऊ आणि खाली दगडासारखी गोठलेली असते. त्यांना दीड दिवस लागला, आणि तेवढा सगळा वेळ जुमाकान खड्ड्याच्या काठावर बसून त्यांना ओरडत होती, की कडा सरळ काढा.